सुरकुती

गंगापूर रोडच्या शोरूममध्ये
दोन शॉकअपवाली उभी होती, केशरी,
मोटरसायकलची धाकटी बहीण म्हणून खपेल अशी.
सेल्समन म्हणाला, एकवीस गिअर, साडेबावीस हजार,
आणि त्यानं सीटवर हात ठेवून वजन टाकलं.
मागची स्प्रिंग कुरकुरली
रविवारी ओव्हरटाइमला बोलावल्यासारखी.

माझ्याकडे तेवीस होते.
दिवाळीचा बोनस, उचललेली भिशी,
आणि आईला न सांगता मोडलेली आरडी.
अंबडला मी वेल्डिंग तपासते,
एका पाळीत चारशे सांधे,
भिंग लावून, कधी नुसतं बोट फिरवून.
तेच बोट केशरीच्या जोडावरून फिरवलं.
वेल्डचे खवले कसे,
शाळेला उशीर झालाय म्हणून
धावत घातलेली वेणी जशी.
मनात म्हटलं, रिजेक्ट.
तोंडानं म्हटलं, घरी विचारून येते.

दूधबाजाराच्या आत तन्वीर कोकणी
घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता.
वर न बघता म्हणाला,
उडायचंय ना? मग मागचा शॉकअप विसर.
एवढ्या पैशात मिळतो तो शॉकअप नसतो, खेळणं असतं.
सगळा पैसा पुढे घाल, फोर्कमध्ये.
नळ्या जाड बघ. एक्सल जाड बघ.
आरे बत्तीसच्या खाली नकोत.
गिअर एकच असू दे,
जे नसतं ते मोडत नाही.
आणि जुनी घेणार असशील
तर हेडट्यूबच्या खाली टॉर्च मार.
तिथे रंगाला सुरकुती पडली असेल
तर समज, कुणीतरी हिच्यावरून वाईट उतरलंय.
उडी फुकट असते, ताई,
पैसे लागतात उतरायला.

मग बुडबुडा सापडला
आणि मी त्याच्या लेखी संपले.

शरणपूर रोडला रूबेन साळवेच्या गॅलरीत
ती जुन्या चादरीखाली होती.
काळी, बुटकी, सीट इतकी खाली
की बसायचं नाहीच, हे तिनंच आधी ठरवलेलं.
एक गिअर. शंभर एमएमचा फोर्क,
दाबला तर खाली गेला आणि शांतपणे वर आला,
उलट न बोलता.
मी फरशीवर आडवी झाले,
मोबाइलचा टॉर्च लावला,
हेडट्यूबखाली बोट फिरवलं, दोनदा.
गुळगुळीत.
रूबेन म्हणाला, कुठे मारणार उड्या?
म्हसरूळच्या पुढे, म्हटलं, खाणीपाशी मुरूम टाकलाय तिथे.
तो डावीकडे ओढतो, म्हणाला,
हवेत असतानाच खांदा असा वर घ्यायचा.
दाखवायला त्यानं हात उचलला.
हात निम्म्यावर थांबला.
टीशर्टची कड सरकली तेव्हा
मला दिसली सुरकुती,
गळ्यापासून खांद्यापर्यंत, टाक्यांच्या पायऱ्यांसकट,
खाली प्लेट असणार, सहा स्क्रूंची,
माझी नजर मोजल्याशिवाय राहत नाही.

एकोणीस, तो म्हणाला.
साडेसतरा, दारातून त्याची बायको म्हणाली,
कडेवर मूल, हातात दुधाची बाटली,
पण आजच न्यायची.
त्यानं काही म्हटलं नाही.
जाताना टायरची हवा मात्र
अंगठ्यानं दाबून बघितली, पुढची, मग मागची.

उरलेल्या साडेपाचात हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड,
नवे ब्रेकपॅड. तन्वीरनं मजुरी घेतली नाही,
चहा मात्र मलाच पाजायला लावला.

तीन रविवार झाले.
सहाला खाणीवर जाते, उन्हाच्या आधी.
पोरं उडतात. धूळ, आरडाओरड,
कुणाचं तरी पेडल नडगीवर.
मी उतारावरून सुटते, वेग बरोबर असतो,
गुडघे मऊ, नजर पुढे,
आणि ओठाशी, जिथे मुरूम संपतो,
ब्रेक लागतो.
मी लावत नाही. लागतो.

घरी येऊन हेडटयूबखाली बघते,
काही नाही. कसं असणार.

दोष कुठे आहे ते आता ठाऊक झालंय:
उजव्या हाताचं दुसरं बोट,
चारशे सांधे तपासणारं,
जोडाजोडाला शंका घ्यायची सवय लागलेलं.
तेवढंच उचलायचंय.