रकाना सहा

चूक काय आहे, थोडक्यात लिहा.
थोडक्यात म्हणजे दीड ओळ.

साहेब, माझ्या सुटकेच्या कागदावर
'जखमा : निरंक' असं टंकलंय.
एक अक्षर ओळीवरून जरा वर उडालंय,
कुणालातरी घरी जायची घाई असणार; राग नाही.
उजव्या पायाची तीन बोटं कोरियात राहिली,
डिसेंबरातल्या बर्फात.
ओसाकाचं इस्पितळ, खाट चौदा.

पुरावा जोडा, म्हणता.
पाय काही पाकिटात मावत नाही.
नात म्हणते, फोटो पाठवू.
म्हणून मोजा काढून बसलोय स्वयंपाकघरात.
इथे मोंटानात आज उणे अठरा,
आणि नसलेली बोटं ठणकतायत, अगदी वेळेवर.

साक्षीदार : व्हर्नल ओक्स.
त्यानं त्या रात्री मला पाठुंगळीला मारून
सहा मैल उतार उतरवला.
त्याच्या कागदावर त्याच तारखेपुढे
'गैरहजर' आहे.
तसाच गेला तो, पेन्शनवाचून,
रेल्वेच्या गोदामात पोती मोजत.

माझं राहू द्या, साहेब.
जागा एकाच दुरुस्तीपुरती असेल
तर तो शब्द खोडा.
हजर होता.

माझं वजन तेव्हा एकशे साठ पौंड होतं.
ते मात्र तुमच्याकडे बरोबर लिहिलंय.