पांढरी पट्टी म्हणजे वजा

टीव्ही आठवडाभर नुसता टिकटिकत होता.
निळा दिवा लागे, विझे, परत लागे,
उचकी लागलेल्या माणसासारखा.
दुकानातला पोरगा म्हणाला, नवीन घ्या,
ह्यात आता कुणी हात घालत नाही.

मी घातला.
रात्रपाळी संपवून आले, पडदे ओढले,
डंडीतल्या तिसऱ्या मजल्यावर, जेवायच्या टेबलावर
गोधडी पसरून टीव्ही पालथा निजवला,
मालिशीला घेतलेल्या बाळासारखा.
बावीस स्क्रू. बशीत मोजून ठेवले.
आत धूळ, आणि हिरव्या पाटीवर
दोन कपॅसिटर, टम्म,
कढईतून काढायच्या बेतातल्या पुऱ्या.
एक पौंड ऐंशी पेन्स. दुखणं एवढंच.

सोल्डरिंगचं हत्यार खालच्या मजल्यावर मिळालं, नेटा गेडिसकडे.
हत्यारामागोमाग जिना चढून तीही आली.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची. इथल्याच घड्याळांच्या कारखान्यात
सोळा वर्षं हेच केलं तिने,
बायकांच्या लांबच लांब रांगेत बसून.
आता हात मांड्यांखाली दाबून बसली,
कारण ते कापतात,
आणि त्यांना अजून सगळं आठवतं.

आमच्याकडे ह्याला डाख म्हणतात, मी सांगितलं.
डाख, ती म्हणाली,
आणि तो ख घशातून असा खरवडून काढला
की शब्द तिच्याच गावचा वाटला.

कथलाला नको तापवूस, तांब्याला तापव.
कथील आपल्या पायांनी येतं.
पांढरी पट्टी म्हणजे वजा. उलटं लावलंस तर फटाका.

रोज रात्री अंधुक उजेडात मी लोकांच्या शिरा शोधते,
तरी पहिला डाख गोळा झाला, राखी, निस्तेज.
थंड आहे, ती म्हणाली. काढ.
दुसराही काढायला लावला.
तिसरा पसरला, चमकला,
आणि तिचा उजवा हात मांडीखालून
आपसूक बाहेर आला, हवेतच थांबला.

स्क्रू लागले एकवीस.
बाविसावा बशीतच राहिला, आम्ही दोघींनी तो पाहिला नाही.

निळा दिवा लागला. लागलेलाच राहिला.
हवामानवाली बाई नदीपलीकडच्या डोंगरांवरून हात फिरवू लागली,
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
स्पीकरची वायर मी जोडलीच नव्हती.
नेटा पुढे वाकून बघत होती,
कानातलं यंत्र खालीच विसरलेली.
अगदी स्पष्ट, ती म्हणाली, नव्यासारखा.

मी चहा ठेवला.
वायरचं उद्या बघू.