कूस

नार्व्याहून पहिली फेरीबोट सुटायची
तेव्हा आईच्या पिशवीत असायचा
पेजेचा डबा, कापसाचा गुंडाळा, बोरिक पावडर,
आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत
सातेरीच्या वारुळाची चिमूटभर माती.

पलीकडे, दिवाडीला, इश्पेरान्साबाय
अकरा वर्षं एकाच खाटेवर.
दोन मुलगे लिस्बनला, लेक कुवेतला.
पैसे महिन्याच्या महिन्याला यायचे,
माणूस रोज जायचं ते एकच,
द्वारका घाडी, माझी आई.

दर दोन तासांनी कूस बदलायची.
‘एका कुशीवर राहिलं की माणूस नासतं,’ म्हणायची,
‘भातसुद्धा न हलवता ठेवला तर बुडाला लागतो.’

हे काम धरण्याआधी तिने देवीला कौल लावला होता.
उजवी पाकळी पडली.
बाबा म्हणाले, आणि डावी पडली असती तर?
ती म्हणाली, तर मी अजून थोडा वेळ उभी राहिले असते.

इश्पेरान्साबायची वाचा गेलेली.
संध्याकाळी तेर्साची माळ
आईच तिच्यासाठी हातात धरायची.
प्रार्थनेचा एक शब्द येत नव्हता तिला,
मणी मात्र एकही चुकला नाही.
‘मग नाव कुणाचं घेतेस गं?’ मी एकदा विचारलं.
‘मी कुठे घेते? तिच्या ओठांकडे बघते.
ते थांबले की पुढचा मणी.’

माझी तक्रार होती. अजून आहे.
दहावीचा निकाल लागला, ती पलीकडे.
मला पहिल्यांदा न्हाण आलं, ती पलीकडे.
शेजारच्या कुसमावहिनीने जुनं लुगडं फाडून दिलं
आणि मी धक्क्यावर जाऊन बसले,
भरतीचं पाणी पायरीमागून पायरी गिळत होतं.
आई उतरली तेव्हा तिच्या हातांना
डेटॉलचा आणि दुसऱ्याच्या म्हातारपणाचा वास.
त्याच हातांनी तिने माझा चेहरा धरला.
मी तोंड फिरवलं.
तिने हे पुढे कधी काढलं नाही.
मी काढते.

इश्पेरान्साबाय गेली मे महिन्यात, फणस पिकलेले असताना.
पाठीवर एक व्रण नव्हता.
डॉक्टर वाकून बराच वेळ बघत राहिला,
आईला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

तिला बांबोळीहून घरी आणली
तेव्हा डावं अंग गेलेलं.
‘डावी पाकळी,’ ती पुटपुटली
आणि अर्ध्याच तोंडाने हसली.

मग तिने मला शिकवलं, स्वतःच्याच अंगावर.
चादरीची घडी अशी घाल.
गुडघा आधी, मग खांदा.
ओढू नकोस गं, वळव.
मी काय चिखलात रुतलेली होडी आहे?
उशी इथे. नाही, इथे. हां.
आता हात धू, आणि जेव.

सांगता सांगता एक दिवस सांगणं संपलं.
मी तिच्या ओठांकडे बघायला लागले.
माळ नव्हती,
तिच्याच बोटांची पेरं मोजली.
कुठला देव, मला ठाऊक नाही.
ओठ थांबले की पुढचं पेर.

शेवटच्या पेरावर मी फार वेळ थांबले.

अंघोळ घालताना पाठ बघितली.
कुसमावहिनीनेही बघितली
आणि काही न बोलता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

बारावं झालं.
भावाने खाट उचलून माळ्यावर टाकली.
बाटलीतली माती कुठे ठेवायची ते कुणालाच सुचेना,
ती अजून खिडकीत आहे, कंगव्याशेजारी.
गजर मी बंद केला,
तरी रात्री दोनला जाग येते.
अंधारात हात पुढे जातो,
गुडघा आधी, मग खांदा,
आणि सापडतं नुसतं अंथरूण.

जरा वेळ तशीच पडून राहते.
मग मीच वळते
दुसऱ्या कुशीवर.