नखभर अंतर

अस्मारात, सिनेमागृहामागच्या बोळात
झेरेझ्गीचं दुकान म्हणजे एक दार आणि एक स्टूल.
लेतेब्रहान सायकल भिंतीला टेकवते.
"घरून निघते तेव्हा मी उंच असते," ती सांगते,
"शाळेचा चढ संपेस्तोवर
गुडघे हनुवटीला लागतात."

तो हसत नाही. वाकून बघतो.
क्लॅम्पचे दोन्ही कान एकमेकांना चिकटलेत.
आवळायला आता जागाच नाही.
"किती जणांनी आवळलं हे?"
"भावानं. शेजाऱ्यानं. चर्चच्या रखवालदारानं.
प्रत्येकानं माझ्या हातून पाना काढून घेतला."

सीटची दांडी पिळत पिळत वर येते,
मागोमाग लाल भुकटी, काळं ग्रीस,
आणि कोळ्याचं एक रिकामं घर.
फ्रेम इटालियन पोलादाची, चार रंगांखाली दबलेली.
दांडी मात्र भलत्याच सायकलची.
नळी आतून सत्तावीस पूर्णांक दोन,
दांडी सव्वीस पूर्णांक आठ.
"शून्य पूर्णांक चार," ती म्हणते. गणित शिकवते ती.
तो मान डोलावतो. "एवढ्याशा फटीतून
रोज चार बोटं खाली जातेस तू."

फळीवरून तो दुधाच्या पावडरीचा डबा काढतो,
वरची गाय अजून ताजीतवानी.
पत्र्याची जाडी मोजतो: दोन दशांश.
"दोन्ही अंगांनी मिळून..."
"चार. कळलं. कापा."

कात्री गाईच्या पाठीवरून जाते.
कडा कानशीनं घासून बोथट,
वरचा काठ बाहेर दुमडलेला, आत घसरू नये म्हणून.
पेट्रोलच्या चिंधीनं नळी पुसतो,
चिकटलेले कान स्क्रू-ड्रायव्हरनं
हळूच, हट्टी शिंपला उघडावा तसे, फाकवतो.

दांडीवर एक जुना ओरखडा आहे.
"इथपर्यंत," ती बोट ठेवते, "ही वडिलांची खूण.
रोज सकाळी मी इथंच आणून ठेवते."
"उंच होते का?"
"दारातून वाकून यायचे."

"बस. टाच पॅडलवर."
टाच पोचत नाही.
तो काही बोलत नाही, दांडी खाली ढकलतो,
ओरखडा पत्र्याच्या कडेशी येतो,
थोडा थबकतो
आणि आत जातो.

मग पाना तिच्याच हातात देतो.
"आवळ. जीव खाऊन नको."

शाळेच्या चढावर ती दोनदा उतरून बघते.
दांडी तसूभरही हललेली नाही.
क्लॅम्पच्या दोन कानांमध्ये आता नखभर अंतर,
आणि वर, दुमडलेल्या काठावर,
तिसरा एक कान. गाईचा.