खालची पट्टी

दस्तगीर वायर काढायला आला तेव्हा
चप्पल दारात सोडून थेट खिडकीशी गेला.
सव्वीस वर्षं, दर महिन्याच्या सात तारखेला,
त्याचं पावतीपुस्तक आणि कानामागचं पेन.
"बंद करायचं न्हवं वैनी?"
जसं कुणी विचारतं, गॅस बंद करू न्हवं?
म्हटलं, रणधीरनं पुण्यातनं सगळं भरलंय वर्षाचं.
"भरू दे की," म्हणाला, आणि पक्कडीची
एक टिचकी. तेवढाच आवाज.

काळी वायर त्यानं कोपरावर गुंडाळली,
लोकरीची लड करावी तशी.
"ठेवा. कापडं वाळत घाला हिच्यावर.
दोरी कुजंल, ही न्हाई."
मग पायऱ्यांवरनं वळून, जरा लाजत,
"आणि इंटरनेट माझ्याकडनंच घ्या. खांब त्योच हाय."

नवा टीव्ही रोज विचारतो, कोण बघतंय?
चार गोल तोंडं, खाली नावं:
रणधीर, आई, बाबा, पाहुणे.
ह्यांनी पहिल्याच दिवशी 'पाहुणे' दाबलं.
अहो, ते तुम्ही नाही.
म्हणाले, असू दे, बरं आहे तिकडं.

आता सगळं आहे. कोरियातली सासू आहे,
बर्फात पडलेलं प्रेत आहे, तेही मराठीत.
मी भांडी आवरून पाऊण तास
मेथी निवडावी तशी नुसती निवडत बसते,
निवडून होईतो झोप येते.

ह्यांचं दुखणं वेगळं. पेठेच्या संघाची मॅच
चारातल्या कुठल्याच तोंडात नाही.
उद्यमनगरातनं सुटले की परस्पर
मेव्हण्याच्या दारात उभे, हाताला ऑईल,
"आत येत नाही, एवढी पेनल्टी बघतो."

माझी नजर मात्र अजून खाली जाते,
पडद्याच्या तळाशी, जिथं आपली पट्टी पळायची.
चि. स्वराजला पहिल्या वाढदिवसाच्या, शुभेच्छुक समस्त मामा मंडळ...
काळी शेळी, कानावर पांढरा ठिपका, आणून देणाऱ्यास...
राजाराम बंधारा एकेचाळीस फूट...
यांचे निधन, रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ, पंचगंगा...
वर सून रडायची, खाली गाव चालायचं.
मी वरचं बघते, असं मला वाटायचं.

शकुंतला हावळकडं ब्लाऊजपीस टाकून
महिना होऊन गेला होता.
"गुरुवारी ये," म्हणाली होती. तिचा गुरुवार
म्हणजे पुढचा कुठलाही गुरुवार.
गेले, तर मशीनवर चादर.
सून आतनं आली, हात पुसत.
"तुम्ही दिसला नाहीत हो त्या दिवशी."
अठरा दिवस झाले होते.
"पट्टी दोन दिवस चालवली की दस्तगीरभाईंनी. फुकट."
तिच्या माझ्या घरात तीन गल्ल्या.
मी कोरियात होते.

ब्लाऊज तयार होतं, हूक तेवढे राहिलेले.
तिनं पैसे मागितले नाहीत, मी काढले नाहीत,
दोघींनाही कळेना, किती.

त्या रात्री रिमोटनं एकेक अक्षर शोधत
मी तिचं नाव टाकलं. का, ते विचारू नका.
टीव्ही जरा वेळ गोल गोल फिरला.
असं काही सापडलं नाही, म्हणाला, त्याऐवजी हे बघा,
आणि एका राणीची, एका वकिलिणीची
आणि एका माशाची गोष्ट पुढं केली.

सकाळी दस्तगीर शिडीवर, त्याच खांबाला,
पांढरी बारीक वायर ओढत होता.
आत केसाएवढी काच असते, म्हणाला.
"पट्टी बंद झाली काय रे?" मी खालनं.
"चालूच हाय की वैनी," वरनं,
"बघणारी कमी झाल्यात."

ब्लाऊज पाण्यातनं काढून वाळत घातलंय.
काळी वायर ताणलेली तशीच, ओझं वाटत नाही तिला.
हुकांची पुडी खिडकीत आहे.
अजून लावलेले नाहीत.