पागनीसपागा

टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं द्वारकाबाई हिरणवाळ्यांच्या नातवाच्या,
शाळेच्या गणवेशात, एकाच पायात बूट.
नियम म्हणतो, शेजाऱ्याच्या खिडकीपासून गोठा
निदान पंधरा मीटर.
अंगणच साडेनऊ.
खिडकी गेल्या दिवाळीतली, निळ्या काचेची,
गोठा तिच्या कितीतरी आधीचा;
पण टेपला आधीचं-नंतरचं कळत नाही,
ती फक्त लांबी बोलते.

नोटिशीच्या डोक्यावर मी मोहल्ला लिहिला
आणि पेन जरा अडखळलं.
पागनीसपागेत
जनावर ठेवण्यास मनाई.

घोडे केव्हाच गेले.
नाव तेवढं कुणी हलवलं नाही शहराबाहेर.

रकाना सात : प्रयोजन.
दूध किती देते?
‘तीन वर्षं झाली, आटली.’
मग धंदा?
‘धंदा तिचा चाललाय माझ्यावर,’ बाई म्हणाल्या,
‘पेंडेचा भाव ठाऊक आहे का तुम्हाला?’
ठाऊक नव्हता.
पाळीव या सदरात कुत्रा, मांजर, पोपट.
म्हैस तिथे बसत नाही.
म्हैस तशी कुठेच एकदम बसत नाही,
आधी पुढचे गुडघे,
मग थोडा विचार,
मग उरलेलं सगळं.

खरं सांगतो, मी निळ्या काचेच्या बाजूचा माणूस.
श्रावणात ही गल्ली तुंबली होती ती शेणानेच,
फोटो मीच काढले होते,
नाकाला रुमाल लावून, सात-आठ, वेगवेगळ्या कोनांतून.
वरच्या मजल्यावरची बाळंतीण
डासांनी रडकुंडीला आली होती.
तक्रार खोटी नाही.
तरीही निगमचं जॅकेट घालून त्या अंगणात
मला उगीचच गरम होत होतं.

म्हणालो, बाहेर जागा मिळेल, अर्ज करा,
शेड आहे, पाणी आहे, डॉक्टर येतो.
त्या ऐकत होत्या.
मग विचारलं, ‘आणि रात्री हिच्यावर ओरडणार कोण तिकडे?’
जणू ओरडासुद्धा मोजून देतात,
पेंडेबरोबर, पाटीपाटीने.

अर्जात ओरड्याला रकाना नव्हता.
मी ‘इतर’मध्ये एक रेघ मारली.

नाव? मी विचारलं. त्यांनी म्हशीचं सांगितलं.
पुतळी.
मी तेच लिहिलं, मग खोडलं,
मालकाच्या जागी ते कसं चालेल,
पण शाईतून ‘पु’ अजून दिसतो.

टेप सोडली तशी ती सळसळत परत आली
पत्र्याच्या डबीत, खट्‌कन.
पुतळी दचकली,
एक कान वळवून भिंतीकडे सरकली,
दोन पावलं, फार तर अडीच,
आणि तिथेच उभी राहिली रवंथ करत.

पोराने टेपचं टोक पुन्हा ओढून धरलं.
‘काका, सरकली ती.
आता मोजा.’