इसार

मुकादमांनी फोनवर पाठवलेल्या चौदा फोटोंत
बोट पांढरीशुभ्र होती.
इथे लकडी बंदरावर ती ताकाच्या रंगाची,
तेवीस फूट, ओहोटीच्या चिखलात
एका कुशीवर कललेली,
रवंथ विसरलेल्या म्हशीसारखी.
"बाई, भरती आली की उठेल," मुकादम म्हणाले.

औशाहून रात्रभर बसने आले मी.
एकतीस वर्षं भूगोल शिकवला.
फळ्यावर डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन,
मधे बाण : दिवसा खारे वारे, रात्री मतलई.
समुद्र निळ्या खडूचा. निळा संपला की पांढऱ्याचा.
आणि इथे पाहते तर समुद्र उजव्या हाताला,
भर दुपारी वारा पाठीमागून,
शहराच्या अंगावरून येणारा.
"मुंबई बारीक आहे," मुकादम म्हणाले,
"वारा तिला ओलांडून येतो."
हे कुठल्याच इयत्तेला नव्हतं.

मालक पर्थला असतो. त्याला बोट नको आहे.
मला का हवी, हे त्याने विचारलं नाही.
मुकादमांनीही नाही,
दोन टक्के घेणाऱ्याने विचारू नये ते.
विचारलं बँकेतल्या पोराने,
ग्रॅच्युइटीची एफडी मोडताना.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : वाहन.

रुपयाच्या नाण्याने तिची कूस वाजवत
मुकादम चिखलातून चालले.
टक्. टक्. टक्.
मग एकदम थप्.
"इथे पाणी प्यायलीय," स्वतःहून म्हणाले.
दलालाने एक खोड दाखवली
की दुसरी शोधावी, असं अण्णा सांगायचे.
हाळीच्या बाजारात ते बैलाचे दात मोजत,
चार पावलं चालवून बघत,
आणि मग उपरण्याखाली हात घालून
दलालाशी बोटांनी बोलत.
मी आठ वर्षांची. मला फक्त
वरचं कापड हलताना दिसायचं.

शिडाला तीन ठिगळं. त्यातलं एक
गोधडीच्या टाक्यांचं.
ते मला फार आवडलं. चेहरा कोरा ठेवला.
नाव शर्वरी. रंगाच्या पोपड्याखाली
आणखी एक नाव, अर्धं.

मी हातावर पदर टाकला आणि पुढे केला.
मुकादम बिचकले. हसले.
मग त्यांचा हात आत आला,
दोराने सोललेला, करंगळीला नख नसलेला.
मी चार बोटं दाबली,
त्यांनी पाचवं माझ्या मुठीत सारलं.
ती भाषा त्यांना येत नव्हती,
मलाही कापडच तेवढं पाठ होतं.
शेवटी साडेचार लाख, हे तोंडानेच ठरलं.

इसार अकरा हजार. पाचशेच्या बावीस नोटा.
पावती डिझेलच्या बिलामागे.

आठच्या सुमारास ती उचलली गेली,
आधी नाक, मग उरलेली सगळी.
"मतलई सुटेपर्यंत बसते," मी म्हणाले.
"त्याचा भरवसा नाही, बाई."
"रात्री सुटतो."
नऊ वाजले. दहा.
क्रेनवरचा लाल दिवा, डिझेलचा वास,
दाखवायला चढवलेलं अर्धं शीड
वाळत घातलेल्या चादरीसारखं.
तुळशीराम घोडजकर, सातवी ब,
तू सहामाहीला लिहिलं होतंस :
कधीकधी वारा येतच नाही.
मी अर्धा गुण कापला.
शेजारी लाल शाईत : पुस्तक वाच.
तू औशाबाहेर तरी कुठे गेला होतास,
तुला कुणी सांगितलं?

पावणेबाराला गालाला काहीतरी लागलं.
उरणकडून, काळ्या पाण्यावरून,
म्हणजे जमिनीवरून,
म्हणजे नकाशावर पट्टी धरून रेघ ओढली
तर घरावरूनच की.
गोधडीचं ठिगळ एकदा फुगलं. बसलं.

"मुकादम," मी हाक मारली.
ते धक्क्यावर, दोराच्या वेटोळ्यात आडवे.
"हां बाई, बादली आहे आत," झोपेतच म्हणाले,
"बादलीचे वेगळे नाहीत."